कोळशातला एपिक्युरस

श्रोतेहो, नमस्कार.

चार्वाक म्हटलं की आपल्या तोंडी एकच ओळ येते: ऋण काढा, पण तूप प्या. ही ओळ आपल्यापर्यंत आली ती चार्वाकाच्या पोथीतून नव्हे. माधवाचार्यांच्या नावावरच्या सर्वदर्शनसंग्रहात ती खंडनासाठी घेतलेली आहे. पूर्वपक्षाचं म्हणणं आपण उत्तरपक्षाच्या तोंडून ऐकतो आणि खुशाल मान डोलावतो.

ग्रीसच्या एपिक्युरस या तत्त्वज्ञाचंही असंच झालं. इसवी सनापूर्वी 341 मध्ये जन्मलेला हा माणूस अथेन्समधल्या एका बागेत शिकवायचा. तिथे बायकांना मज्जाव नव्हता, गुलामांनाही नव्हता. निसर्गावर त्यानं 37 खंड लिहिले, ते काळाच्या ओघात गेले. उरली तीन पत्रं, थोडी वचनं, आणि सिसेरो, प्लुटार्क यांच्यासारख्या विरोधकांनी काढलेले वाभाडे. सुखवादी म्हणजे खादाड, हा शिक्का बसला तो बसलाच. खरं तर हा गृहस्थ मित्राला लिहितो, "चीजचं एक लहानसं मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मला मेजवानी करता येईल."

पण चार्वाकाच्या नशिबी नव्हतं ते एपिक्युरसच्या पंथाला मिळालं. त्यांच्या पोथ्या सापडल्या. कोळसा होऊन.

सन 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि नेपल्सजवळचं हर्क्युलेनियम गाव गाडलं गेलं. गावाबाहेर समुद्राकाठी एक ऐसपैस वाडा होता. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो ज्युलियस सीझरचा सासरा पिसो याच्या घराण्याचा. आपल्याकडे कोळसा पाडताना लाकूड मातीखाली दडपतात, हवा लागू देत नाहीत, तसंच तिथल्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या, गुंडाळ्यांचं झालं. धगधगत्या राखेखाली त्या जळून गेल्या नाहीत, काळ्या ठिक्कर झाल्या. युरोपच्या दमट हवेत एरवी कुजल्याच असत्या. म्हणजे ज्वालामुखीनं गाव बुडवलं आणि ग्रंथालय राखलं.

1750 च्या सुमारास बोगदे खणणाऱ्यांना हा वाडा लागला, दोनेक वर्षांत गुंडाळ्याही. आधी त्या जळकी लाकडं वाटल्या. काही फेकल्याही गेल्या. मग व्हॅटिकनहून अंतोनियो पियाज्जो नावाचे पाद्री आले. त्यांनी एक लाकडी चौकट केली, गुंडाळीच्या पाठीला प्राण्याच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवला आणि रेशमी दोऱ्यांनी ती वरून अलगद ओढत नेली. पहिली गुंडाळी उलगडायला काही वर्षं लागली. आणि निघालं काय? एपिक्युरसच्याच पंथातला तत्त्वज्ञ, गदारा गावचा फिलोडेमस, याचा संगीतावरचा ग्रंथ, त्यात मुद्दा असा की संगीतानं माणसाचं शील सुधारत नाही! हरवलेली काव्यं, इतिहास निघतील म्हणून डोळे लावून बसलेल्या विद्वानांचा चांगलाच हिरमोड झाला.

या कामातली एक गोष्ट मला फार आवडते. उलगडलेल्या पानांची नक्कल करायला जे चित्रकार बसवले, त्यांना बहुधा ग्रीक येत नसे. हा दोष वाटेल. अभ्यासकांना मात्र तेच भावतं. भाषा येणारा माणूस अर्धं अक्षर दिसलं की मनानं पुरं करतो. याला अर्थच कळत नसल्यामुळे तो दिसेल तेवढंच काढतो. पुढे कित्येक मूळ पापुद्रे नष्ट झाले आणि त्या चित्रांवरच भिस्त ठेवावी लागली.

हळूहळू फिलोडेमसचे राग, मृत्यू, स्पष्टवक्तेपणा यांवरचे ग्रंथ वाचले गेले, एपिक्युरसच्या त्या 37 खंडांचे तुकडेही हाती लागले. एका गुंडाळीत पंथाचं सार सापडलं: देवाची भीती नको, मरणाची काळजी नको, चांगलं ते मिळायला सोपं, वाईट ते सोसायला सोपं. त्याला ते 'चार औषधं' म्हणत. हे नाव मुळात मेण, चरबी, डांबर आणि राळ मिसळून केलेल्या मलमाचं.

तरीही शेकडो गुंडाळ्या मिटलेल्याच राहिल्या. आता त्या हात न लावता वाचतात. क्ष-किरणांनी आतले पदर टिपायचे आणि संगणकावर ते सपाट करायचे. अडचण शाईची: काजळीची शाई कोळशावर दिसणार कशी? मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की शाई होती तिथे वाळल्या चिखलासारख्या बारीक भेगा आहेत. त्या धाग्यावरून 2023 मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्यानं एका बंद गुंडाळीतला शब्द वाचला: 'जांभळा'. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच्यासह तिघांना या गुंडाळ्या वाचण्याच्या स्पर्धेत 7 लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यांनी 2000 हून अधिक अक्षरं उजेडात आणली होती.

त्या मजकुरात संगीत आहे, केपरच्या कळ्या आहेत, आणि लेखक, बहुधा फिलोडेमसच, म्हणतो की खाण्याच्या बाबतीतही, दुर्मिळ ते विपुलापेक्षा हमखास सुखकारक, असं आपण लगेच मानत नाही. मला ते चीजचं मडकं आठवलं.

याच फिलोडेमसची एक छोटी कविता वेगळ्या संग्रहातून टिकून आहे. एपिक्युरसच्या नावानं विसाव्या तिथीला पंथाची पंगत बसे. त्या जेवणाला तो धनाढ्य पिसोला आपल्या झोपडीत बोलावतो: उंची मांस नाही मिळणार, खिऑस बेटाची वाइनही नाही, पण जिवलग मित्र भेटतील. आणि शेवटी हळूच जोडतो, की तुझी नजर आमच्याकडे वळली, पिसो, तर आमची ही साधी विसावी जरा थाटात होईल.