सरांची पुस्तकं वाटण्याआधी

सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता मराठी समीक्षेत नाव मिळवलेले म. द. हातकणंगलेकर २००८ मध्ये सांगलीतच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०१५ साली ते गेले. साहित्य शिकवणाऱ्या सरांचं या गावाला अप्रूप आहे. असे सर गेले की शोकसभेला गर्दी होते, भाषणं होतात. मग घरच्यांपुढे प्रश्न उरतो, एवढ्या पुस्तकांचं करायचं काय?

ग्रंथालयाला देऊन टाका, असं जो तो सांगतो. तिथे ते पुस्तक बहुधा आधीच असतं, त्यामुळे सरांची प्रत ‘जादा’ ठरते. ठेवून घेतलीच, तरी पुढे कधीतरी बाइंडिंगला जाते. बाइंडर कडा समान करायला तीन बाजूंनी कटिंग मारतो आणि समासातली पेन्सिलीची टिपणं कातरणात जातात. वर्षानुवर्षं एकच कविता शिकवताना सरांनी काय खोडलं, कुठे प्रश्नचिन्ह काढलं, ते त्या समासातच होतं. छापील कविता काय, कुठेही मिळेल!

म्हणून पुस्तकं हलवण्याआधी प्रत्येक खणाचा फोटो काढावा. पुस्तकात चिठ्ठी सापडली की पानासकट फोटो, मगच चिठ्ठीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. टाचण्या गंजतात, त्या काढाव्यात. फाटलेल्या पानाला सेलोटेप मात्र नको. ती पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो. दमट पुस्तक उन्हात टाकलं तर पानं वाकडी होतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं तर बुरशी येते. सावलीत, पंख्याखाली उभं ठेवावं.

व्याख्यानांच्या कॅसेट असतील, तर आधी पाठीमागच्या दोन्ही खिट्या मोडाव्यात, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. टेप एकदा टोकापर्यंत पुढे-मागे फिरवून घ्यावी. जुनी टेप पुन्हा नीट वाजेलच असं नाही, तेव्हा पहिल्याच वेळी संगणकावर उतरवावी.

आणि कृष्णाकाठी राहताना पूर विसरून चालत नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. शाईच्या पेनाने लिहिलेल्या वह्या भिजल्या की अक्षर धुऊन जातं, त्यामुळे स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचा. स्कॅनची एक हार्ड डिस्क घरी, दुसरी पुराचं पाणी न येणाऱ्या भागातल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे. पुस्तकं वाटायची ती त्यानंतर, आणि कोणतं कुणाकडे गेलं ते यादीत लिहूनच.