पहिली धडक गाडीची, दुसरी माणसाची

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते ग्राहकांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांच्याबद्दल. जन्म १९३४ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं विन्स्टेड हे त्यांचं गाव. आई-वडील लेबनॉनहून आलेले. मुलगा हार्वर्डमधून वकील झाला आणि मोटारींच्या मागे लागला.

त्या काळी अपघात झाला की खापर फुटायचं ते चालकावर. नेडर म्हणाले, गाडीकडेही बघा. पहिली धडक गाडीची. दुसरी आतल्या माणसाची, गाडीच्याच आतल्या भागांवर. जीव बहुतेकदा ही दुसरी धडक घेते. स्टीअरिंगचा ताठ दांडा समोरून धडक बसताच थेट चालकाच्या छातीत घुसायचा. तो दाबाखाली मिटेल असा बनवणं शक्य होतं, पण कंपन्यांना रंगरूपाची आणि खर्चाची काळजी जास्त.

हे सगळं त्यांनी १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात मांडलं. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर गाडीवर होतं. कंपनीने काय करावं? नेडर यांच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले! ओळखीपाळखीच्यांना गाठून त्यांच्या खाजगी आयुष्याची खोदून खोदून चौकशी केली. बिंग फुटलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. सहाच महिन्यांत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. सीटबेल्ट, मिटणारा स्टीअरिंग-दांडा या गोष्टी नव्या गाड्यांत सक्तीच्या झाल्या.

पण मला सर्वांत भावतो तो पुढचा भाग. नेडर यांनी कंपनीवर दावा लावला आणि १९७० मध्ये तडजोडीत ४ लाख २५ हजार डॉलर मिळवले. हा पैसा त्यांनी ग्राहकांच्याच लढ्यात ओतला. तरुण वकील आणि विद्यार्थी हाताशी धरून सरकारी खात्यांची झडती घेतली, १९७१ मध्ये ‘पब्लिक सिटिझन’ ही संस्था उभी केली.

२००० साली ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात फरक पडला ५३७ मतांचा, नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं. नेडर यांनी गोर यांची मतं खाल्ली म्हणून बुश निवडून आले, असं म्हणत अनेक जुने सहकारी दुरावले. त्यांचं दुःख मी समजू शकतो, पण त्यापायी १९६६ चं काम पुसलं जावं हे मला पटत नाही.

मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोईंग ७३७ मॅक्स कोसळलं. त्यात नेडर यांच्या नात्यातली एक तरुण मुलगी गेली. वयाच्या ८५ व्या वर्षी ते पुन्हा उभे राहिले आणि या विमानांचं उड्डाण कायमचं थांबवा अशी मागणी करू लागले.