दोनदा नकार देणारा देश

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपच्या एकत्रित संघात जायचं की नाही, हा प्रश्न नॉर्वेच्या मतदारांपुढे दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. १९७२ मध्ये ५३.५ टक्के मतं विरोधात पडली. पंतप्रधान त्रिग्वे ब्राटेली यांनी राजीनामा दिला. २८ नोव्हेंबर १९९४ रोजी पुन्हा कौल घेतला, तेव्हा विरोधात ५२.२ टक्के. पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड होकाराच्या बाजूने होत्या, मोठे उद्योग होते, राजधानी ऑस्लोही होती. फिनलंड आणि स्वीडन या शेजाऱ्यांनी काही आठवडे आधीच होकार दिला होता. तरी देश नाही म्हणाला, आणि मतदान जवळजवळ ८९ टक्के झालं होतं!

या नकारामागे जुना इतिहास आहे. नॉर्वे चार शतकं डेन्मार्कशी जोडलेला होता आणि त्यानंतर १८१४ पासून स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली. १९०५ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनपासून वेगळं व्हायचं का, असं विचारलं तेव्हा बाजूने ३,६८,२०८ मतं पडली आणि विरोधात १८४. बायकांना तेव्हा मताधिकार नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या पाठिंब्याच्या दोन लाखांहून जास्त सह्या गोळा करून दिल्या. १९७२ मध्ये मतपेटीपाशी आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी ते दिवस पाहिलेले होते. आपला कारभार दुसऱ्या राजधानीतून चालणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण हा नकार नुसत्या अस्मितेतून आला, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. त्यात रोकडा हिशेब होता. नॉर्वेची जेमतेम तीन टक्के जमीन लागवडीखाली आहे. डोंगर आणि फ्योर्ड, म्हणजे जमिनीत खोल घुसलेल्या समुद्राच्या खाड्या, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, थोडक्या उन्हाळ्यावर तिथली शेती चालते आणि ती सरकारी आधारावर उभी आहे. फ्रान्स किंवा डेन्मार्कच्या शेतमालाला दार सताड उघडलं, तर ती टिकणार नाही, हे शेतकऱ्याला कळत होतं. मासळीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. नॉर्वे, ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क हे भरपूर मासळीचे देश दारात उभे असतानाच, १९७० मध्ये, आधीच्या सहा सदस्यांनी मासेमारीचं सामाईक धोरण ठरवून टाकलं : सदस्यांनी एकमेकांच्या पाण्यात मासेमारी करू द्यायची. नॉर्वेचे मत्स्यव्यवसायमंत्री क्नूट होएम यांना वाटाघाटीत मिळालेल्या अटी मान्य झाल्या नाहीत, त्यांनी मंत्रिपद सोडलं. उत्तर टोकाच्या फिनमार्कमध्ये, जिथे कॉड माशावर गावंच्या गावं जगतात, १९९४ मध्ये चारांपैकी जवळजवळ तिघांनी विरोधात मत दिलं. ज्याचं पोट समुद्रावर आहे, त्याने समुद्राचा अधिकार राखून ठेवला. मी याला शहाणपण म्हणतो.

तर मग नॉर्वे युरोपबाहेर राहिला का? इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

दुसऱ्या कौलाच्या दोन वर्षं आधी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, नॉर्वेच्या संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार मंजूर केला. अधिकार देशाबाहेर जात असल्यामुळे राज्यघटनेप्रमाणे तीन चतुर्थांश बहुमत लागत होतं, १६५ पैकी १२४. मिळाली १३०. करार १ जानेवारी १९९४ पासून लागू झाला. शेती आणि मासेमारी त्यातून वगळली होती, पण माल, सेवा, भांडवल आणि माणसांची ये-जा या सगळ्यासाठी संघाचे कायदे नॉर्वेतही लागू होऊ लागले. आइसलंड आणि लिक्टेनस्टाइन याच करारात आहेत. स्वित्झर्लंडने मात्र डिसेंबर १९९२ मध्ये लोकांना विचारलं आणि लोकांनी निसटत्या फरकाने नकार दिला. नॉर्वेत या करारावर जनमत घेतलंच नाही.

आपल्याकडे सोसायटीत भाडेकरू असतो. नियम सगळे पाळतो, पैसेही भरतो, पण सर्वसाधारण सभेत त्याला मत नसतं. नॉर्वेचं तसं झालं. मसुदा तयार होताना त्यांचे तज्ज्ञ मत मांडू शकतात, ठराव होतो तेव्हा हात वर करायला त्यांचं कुणी नसतं. २०१४ ते २०२१ या काळासाठी नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेनस्टाइन या तीन देशांनी संघातल्या गरीब सदस्यांकरिता २.८ अब्ज युरो द्यायचं कबूल केलं, त्यातला बहुतेक भार नॉर्वेचा. सरकारने नेमलेल्या समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला, त्यात संघाचे सुमारे तीन चतुर्थांश कायदे आणि धोरणं नॉर्वेने स्वीकारल्याचं म्हटलं होतं.

चर्चेशिवाय आलेला कायदा काय करतो, ते २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. आजारपणाचा किंवा तत्सम भत्ता घेणारी काही माणसं काही काळ स्पेनसारख्या देशात जाऊन राहिली होती. नॉर्वेच्या कल्याण खात्याने ती फसवणूक ठरवली, पैसे परत मागितले, खटले भरले, आणि कित्येकांना तुरुंगवास झाला. प्रत्यक्षात करारातल्या नियमांनी त्यांना तो भत्ता घेऊन दुसऱ्या सदस्य देशात राहण्याची मुभा होती. खात्याला ते उमगलं नाही, सरकारी वकिलांना नाही, आरोपींच्या वकिलांना नाही, न्यायाधीशांनाही नाही. वर्षानुवर्षं! आजारी माणसं निर्दोष असून कैदेत गेली. मला या प्रकाराचा संताप येतो. जो कायदा संसदेत कुणी भांडून, ताणून, तपासून घेतलेला नसतो, तो पुस्तकात असूनही देशाच्या अंगवळणी पडत नाही.

करारात एक हत्यार आहे : एखादा नियम घेणार नाही, असं नॉर्वे सांगू शकतो. इतक्या वर्षांत ते अखेरपर्यंत कधी वापरलंच नाही. २०११ मध्ये टपालसेवेच्या नियमाबाबत सरकारने तसं जाहीर केलं होतं. २०१३ मध्ये नवं सरकार आलं आणि त्याने ते मागे घेतलं.

बाहेर राहण्याचा फायदा झालाच नाही, असंही नाही. या करारात सामाईक जकात नाही, त्यामुळे नॉर्वेचं व्यापारधोरण त्याचं स्वतःचं राहिलं. म्हणूनच स्वित्झर्लंड, आइसलंड आणि लिक्टेनस्टाइन यांच्यासोबत नॉर्वे १० मार्च २०२४ रोजी भारताशी व्यापारकरार करू शकला. तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. त्यात पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे.

आता भांडण विजेवर आलं आहे. नॉर्वेची जवळजवळ सगळी वीज धबधब्यांच्या आणि धरणांच्या पाण्यावर होते. जर्मनी आणि ब्रिटनकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या केबल २०२१ मध्ये सुरू झाल्या आणि युरोपात भाव भडकले तेव्हा दक्षिण नॉर्वेतल्या घरांची बिलंही भडकली. जानेवारी २०२५ मध्ये संघाचे ऊर्जाविषयक नवे नियम घ्यायचे की नाही, यावरून सेंटर पार्टी सरकारमधून बाहेर पडली आणि मजूर पक्ष एकटा उरला.

संघात जायचं का, हे नॉर्वेच्या माणसाला दोनदा विचारलं. ज्या कराराखाली त्याचं वीजबिल आणि त्याचा भत्ता ठरतो, त्याबद्दल एकदाही नाही. माझं मत स्पष्ट आहे : निकाल कुठल्याही बाजूने लागो, हा करार स्टोर्टिंगने आता लोकांपुढे ठेवावा.

नमस्कार.