एका संध्याकाळचा वृंद : 'द सेल्डम सीन'

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगराळ मुलखाची लोकगीते, तिथल्या चर्चमधील प्रार्थनागीते आणि नाचाच्या धुना यांतून ब्लूग्रास संगीत आकाराला आले. १९४५च्या अखेरीस केंटकीच्या बिल मन्रो यांच्या वृंदात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजणारा बँजो घेऊन आले आणि या संगीताचे रूप पक्के झाले. ते वाजवणाऱ्यांचे आयुष्य मात्र खडतर असे : रात्री एका गावात कार्यक्रम, पहाटेपर्यंत मोटारीचा प्रवास, दुसऱ्या रात्री दुसरे गाव. आज ज्या वृंदाविषयी मी बोलणार आहे, त्याने हा शिरस्ता मोडला.

१९७१ साली वॉशिंग्टनलगतच्या बेथेस्डा येथे, बँजोवादक बेन एल्ड्रिज यांच्या तळघरात पाच जण आठवड्यातून एकदा वाजवायला जमू लागले. एल्ड्रिज गणितज्ञ होते. मुख्य गायक आणि गिटारवादक जॉन स्टार्लिंग लष्करात शल्यचिकित्सक होते. डबल बास वाजवणारे टॉम ग्रे 'नॅशनल जिऑग्राफिक'साठी नकाशे तयार करत, तर डोब्रोवादक माइक ऑल्ड्रिज एका वर्तमानपत्रात चित्रकार होते. मँडोलिनवादक जॉन डफी यांनी 'द कंट्री जंटलमेन' या वृंदात एक तप घालवले होते. सततच्या दौऱ्यांना विटून १९६९मध्ये ते बाहेर पडले होते आणि वाद्ये दुरुस्त करून चरितार्थ चालवत होते. नोकरी कुणी सोडायची नाही, लांबचे दौरे घ्यायचे नाहीत आणि आठवड्यातली ती एक संध्याकाळ मात्र सांभाळायची, या बोलीवर वृंद उभा राहिला. 'द सेल्डम सीन', म्हणजे क्वचितच दिसणारे, हेच त्याचे नाव झाले.

पोट त्यावर अवलंबून नसल्यामुळे गाणी निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य त्यांना मिळाले, असे मला वाटते. जुन्या लोकगीतांशेजारी त्यांनी त्या काळची रॉक आणि कंट्री गीते निःसंकोच मांडली. ब्लूग्रासमध्ये जवळजवळ गृहीत धरले जाणारे व्हायोलिन त्यांच्या मूळ संचात नव्हते. ती जागा ऑल्ड्रिज यांच्या डोब्रोने भरून काढली. हे वाद्य आडवे धरून, तारांवरून पोलादी पट्टी सरकवत वाजवतात. ज्यांनी आकाशवाणीवर हवाईयन गिटार ऐकली आहे, त्यांना त्यातली मींड लगेच ओळखीची वाटेल. आणि त्यावर डफी यांचा तारस्वर! स्टार्लिंग यांच्या शांत, मृदू आवाजाच्या वर तो अशा ताकदीने उभा राहतो की ऐकणारा सावरून बसतो.

वॉशिंग्टनमध्ये या संगीताला श्रोता होताच. व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांनी ते सोबत आणले होते आणि तेथील अमेरिकन विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राने १९६७पासून ते शहरी घरांत पोहोचवले. रेडिओचा हा वाटा मला फार मोलाचा वाटतो. बेथेस्डातील 'रेड फॉक्स इन'मध्ये आणि पुढे अलेक्झांड्रियातील 'बर्चमिअर'मध्ये हा वृंद वर्षानुवर्षे दर आठवड्याला वाजत राहिला.

मूळचे पाच जण १९७७पर्यंत एकत्र होते. मग स्टार्लिंग गेले, १९८७मध्ये ग्रे गेले, नव्वदच्या दशकात ऑल्ड्रिजही वेगळे झाले. प्रत्येक वेळी नवा वादक आला आणि बैठक चालू राहिली. डिसेंबर १९९६मध्ये डफी यांचे अचानक निधन झाले, तेव्हा सगळे संपल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते; पण एल्ड्रिज यांनी नव्या सहकाऱ्यांसह वृंद चालवला. २०१४मध्ये स्मिथसोनियन फोकवेज या ध्वनिमुद्रण संस्थेने त्यांच्या गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात स्टार्लिंग आणि ग्रे पाहुणे म्हणून पुन्हा सामील झाले. २०१६मध्ये एल्ड्रिज निवृत्त झाले, तरी वृंद थांबला नाही.

या वृंदाची ओळख करून घ्यायची असेल, तर जॉर्जटाउनच्या 'सेलर डोअर' क्लबात डिसेंबर १९७४मध्ये झालेले ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे. मूळचे पाचही जण त्यात आहेत. पहिल्या ऐकण्यात लक्ष फक्त डोब्रोकडे ठेवावे आणि दुसऱ्यात तीन कंठांच्या मेळाकडे.