हानेदातली वेळ कोणाची?

[दृश्य: पहाटेचा टोकियो उपसागर. हवेतून हानेदा विमानतळ, हळूहळू चौथ्या धावपट्टीवर.]

समुद्रात उभी असलेली ही धावपट्टी नीट बघा. तिचा मोठा भाग भरावावर आहे, पण एक टोक खांबांवर उभं आहे. इथे तामा नदी समुद्राला मिळते. सगळीकडे भराव टाकला असता तर नदीचं तोंडच आवळलं गेलं असतं. म्हणून सुमारे ११०० मीटर लांबीचा भाग पोलादी सांगाड्यांवर उचलून धरला आहे, म्हणजे खालून पाणी वाहतं राहतं.

[दृश्य: सांगाड्याचा पाय, अगदी जवळून. लाट आपटते, ओसरते.]

असे १९८ सांगाडे आहेत. एकेक ६३ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. कारखान्यात जोडायचे, तराफ्यावरून समुद्रात आणायचे आणि तळाशी ठोकलेल्या खांबांवर नेमके बसवायचे. या पायाचा हा पट्टा दिसतो ना, जिथे पाणी येतं-जातं? साधं पोलाद सगळ्यात आधी गंजतं ते इथेच, कारण खारं पाणी आणि हवा आलटून पालटून लागत राहते. म्हणून या पट्ट्याला खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा चढवला आहे. रचना शंभर वर्षं टिकावी असा हिशोब धरूनच हे काम झालं.

२१ ऑक्टोबर २०१० ला ही २५०० मीटरची धावपट्टी सुरू झाली. त्याच दिवशी पलीकडे नवं आंतरराष्ट्रीय टर्मिनलही उघडलं. आणि त्याच्या नऊ महिने आधी, जी कंपनी या सगळ्याची पहिली मानकरी ठरायची, ती कोर्टात उभी होती.

[दृश्य: धावपट्टीवर जपान एअरलाइन्सचं जंबो ७४७. मूळ आवाज चार सेकंद.]

१९ जानेवारी २०१०. जपान एअरलाइन्सने टोकियो जिल्हा न्यायालयात पुनर्रचना कायद्याखाली अर्ज केला. देणी होती २ लाख ३२ हजार कोटी येन. ही कंपनी १९५१ मध्ये उभी राहिली. १९५४ मध्ये तिने होनोलुलूमार्गे सॅन फ्रान्सिस्को गाठलं. पुढे सरकारी धोरणानेच नियमित आंतरराष्ट्रीय फेऱ्या तिच्याकडे आणि देशांतर्गत बाजार मुख्यतः इतरांकडे अशी वाटणी करून दिली होती. ऑल निप्पॉन एअरवेजला, म्हणजे एएनएला, पहिली नियमित परदेशी फेरी मिळायला १९८६ उजाडलं, तीही ग्वामची.

जंबो ही त्या काळाची खूण. चार इंजिनं, सगळी तिकिटं खपतील या भरवशावर घेतलेलं विमान. २००८ च्या मंदीत ते भरेना. निम्मं रिकामं उडालं तरी इंधन चारही इंजिनांना लागतंच. पुनर्रचनेच्या आराखड्यात ३७ जंबो एकदम काढायचे ठरले. १ मार्च २०११ ला शेवटचं उतरलं.

[दृश्य: जंबो उतरतं. जमिनीवरचे कर्मचारी रांगेत वाकून नमस्कार करतात. निवेदन नाही, वीस सेकंद.]

कंपनीतल्या सुमारे सोळा हजार नोकऱ्या गेल्या. ३१ डिसेंबर २०१० ला वैमानिक आणि केबिन कर्मचारी मिळून १६५ जणांना कामावरून काढलं. ते कोर्टात गेले आणि हरले.

[दृश्य: निर्गमन फलक, शहरांची नावं सरकतात.]

पण या गोष्टीतली खरी रस्सीखेच विमानांसाठी नव्हती. विमान भाड्यानेही मिळतं. मिळत नाहीत त्या दोन गोष्टी: दोन देशांमधून उडण्याचा हक्क आणि गर्दीच्या विमानतळावर उतरण्याची वेळ. दुसऱ्या गोष्टीला या धंद्यात स्लॉट म्हणतात. दिवाळखोरीची बातमी फुटायच्या आधीपासूनच दोन अमेरिकन कंपन्या टोकियोत येऊन बसल्या होत्या, त्या याचसाठी.

एक डेल्टा. २००८ मध्ये तिने नॉर्थवेस्ट विलीन करून घेतली. टोकियोहून पुढे आशियात जायचे नॉर्थवेस्टचे जुने हक्क आणि नारिता या टोकियोच्या दुसऱ्या विमानतळावरचा तळ तिच्याकडे आयता आला. दुसरी अमेरिकन एअरलाइन्स. जपान एअरलाइन्स २००७ पासून तिच्याच वनवर्ल्ड आघाडीत, म्हणजे एकमेकांना प्रवासी जोडून देणाऱ्या कंपन्यांच्या गटात, होती. डेल्टाने एक अब्ज डॉलरचा प्रस्ताव ठेवला: आमच्या स्कायटीम आघाडीत या. अमेरिकनने आपल्या भागीदारासह रक्कम वाढवत एक अब्ज चाळीस कोटी डॉलरपर्यंत नेली: जाऊ नका. जानेवारीत वर्तमानपत्रांत डेल्टाचंच पारडं जड दिसत होतं.

इथे एक कायदेशीर बारकावा आहे, आणि सगळा निकाल त्यावर फिरला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी बसून भाडं आणि वेळापत्रक ठरवलं तर तो अमेरिकेत गुन्हा आहे. मक्तेदारीविरोधी कायद्यातून वॉशिंग्टनच्या परिवहन खात्याने सूट दिली तरच ते करता येतं. ती सूट मिळाली की दोन कंपन्या पॅसिफिकवर एकाच कंपनीसारख्या वागू शकतात: एकत्र भाडं, एकत्र वेळा, उत्पन्नाची वाटणी. सूट नसेल तर एकमेकांच्या विमानांवर आपला फेरी क्रमांक लावणं, एवढंच हाती उरतं. ही सूट मिळायला आधी दोन्ही देशांत खुल्या आकाशाचा करार, म्हणजे एकमेकांच्या कंपन्यांना फेऱ्यांची मोकळीक देणारा करार, लागतो. त्याचा मसुदा डिसेंबर २००९ मध्ये ठरला होता, सह्या २५ ऑक्टोबर २०१० ला झाल्या.

आता गणित मांडा. नारितातली डेल्टा आणि जपान एअरलाइन्स एकत्र आल्या असत्या तर अमेरिका-जपान वाहतुकीचा निम्म्याहून मोठा वाटा एका जोडीकडे गेला असता. अशा जोडीला सूट मिळणं अवघड. शिवाय आघाडी बदलायची म्हणजे आरक्षण व्यवस्था, प्रवाशांनी बक्षीस म्हणून जमवलेल्या मैलांचे हिशोब, पुढच्या प्रवासाची जोडतिकिटं, सगळं नव्याने लावायचं. तेही कंपनी कोर्टाच्या देखरेखीखाली असताना.

[दृश्य: जपान एअरलाइन्सचं मुख्यालय. संग्रहातलं चित्रण: काझुओ इनामोरी पत्रकारांसमोर.]

१ फेब्रुवारीला अध्यक्षपदी आले काझुओ इनामोरी, क्योसेरा या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे संस्थापक. पगार घेतला नाही. आठवडाभरात, ९ फेब्रुवारीला, निर्णय जाहीर झाला: अमेरिकनसोबतच राहायचं. आणि पैसा? अमेरिकन कंपन्यांचा पैसा शेवटी घेतलाच नाही. सरकारी पाठबळाच्या पुनरुज्जीवन संस्थेने ३५ हजार कोटी येन घातले, बँका आणि इतर देणेकऱ्यांनी सुमारे ५२ हजार कोटींवर पाणी सोडलं. तीन दिवसांत मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मागणारा अर्ज वॉशिंग्टनला गेला. ती सूट मिळाल्यावर जपान एअरलाइन्स आणि अमेरिकन यांची भागीदारी एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली. एएनए आणि अमेरिकेच्याच युनायटेड एअरलाइन्सचीही त्याच महिन्यात.

[दृश्य: रात्रीचं हानेदा. भिंतीवरचं घड्याळ, २२:०५.]

आता स्लॉटकडे या. नारिता टोकियोपासून साठ किलोमीटरवर, हानेदा पंधरावर. १९७८ मध्ये नारिता सुरू झालं तेव्हा परदेशी फेऱ्या जवळपास सगळ्या तिकडे गेल्या. नव्या धावपट्टीमुळे हानेदा पुन्हा उघडलं. अमेरिकन कंपन्यांच्या वाट्याला रोज चार जोड्या आल्या, जोडी म्हणजे एक उतरणं आणि एक उडणं. पण अट अशी: रात्री दहा ते सकाळी सात यांतच.

ही अट कागदावर किरकोळ दिसते. वेळापत्रक हातात घेतलं की कळतं.

होनोलुलू घ्या. हानेदाहून मध्यरात्रीच्या आसपास निघा, सात तासांत पोचाल, तिथे त्याच तारखेची दुपार. हॉटेलची खोली मिळायची वेळ. परतीला संध्याकाळी निघालात की हानेदात रात्री दहा. अगदी मापात बसतं. लॉस एंजेलिसही बसतं: मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने निघालात की तिथे आदल्या दिवशीचे साडेपाच.

आता न्यूयॉर्क. हिवाळ्यात वेळेचा फरक चौदा तास, जायचा प्रवासही साधारण चौदा तासांचा. संध्याकाळी सहाला निघालेलं विमान हानेदात दहाला उतरतं, इथपर्यंत ठीक. पण उतरलेल्या प्रवाशाला त्या रात्री आशियात पुढे जायला विमान नाही. परतीला मध्यरात्री निघावं तर न्यूयॉर्कला रात्रीचे अकरा, तिथेही पुढची जोडफेरी नाही. मग पहाटे साडेसहाच्या सुमारास निघावं लागतं. त्यासाठी प्रवाशाने साडेचारला विमानतळावर हवं, आणि तेव्हा टोकियोत रेल्वे सुरूच झालेली नसते. विमान मात्र रात्रभर, आठ तासांहून जास्त, जमिनीवर उभं. कोट्यवधी डॉलरचं यंत्र फुकट झोपलेलं.

[दृश्य: पहाटे चार, टर्मिनलच्या बाकांवर झोपलेले प्रवासी.]

तरीही या चार जोड्यांसाठी पाच कंपन्यांनी अर्ज केले. वॉशिंग्टनची पद्धत सांगायलाच हवी, कारण ती उघड्यावर चालते. प्रत्येकाने शहर, विमान, वेळा लिहून अर्ज द्यायचा. मग बाकीच्यांनी त्या अर्जातल्या उणिवा लेखी दाखवायच्या. मग त्याला उत्तर. मग खात्याचा तात्पुरता निर्णय, त्यावर हरकती, आणि शेवटचा आदेश. सगळा कागद कोणीही वाचू शकतो. निकाल: डेल्टाला डेट्रॉइट आणि लॉस एंजेलिस, अमेरिकनला न्यूयॉर्क, हवाईयनला होनोलुलू. युनायटेड आणि कॉन्टिनेंटल रिकाम्या हाती.

पुढे काय झालं ते वेळापत्रकानेच ठरवलं. न्यूयॉर्क २०१३ च्या अखेरीस बंद पडलं, ती वेळ युनायटेडने सॅन फ्रान्सिस्कोसाठी घेतली. डेट्रॉइटही टिकलं नाही; डेल्टाने ती वेळ सिएटलला लावली. आणि मग जे झालं त्याची आम्हाला खरी चीड आहे. हिवाळ्यात सिएटलचं विमान जवळपास उडायचंच नाही. नव्वद दिवस वापर नसेल तर हक्क निष्क्रिय धरला जातो, म्हणून तेवढ्यापुरत्या मोजक्या फेऱ्या करायच्या आणि वेळ दाबून ठेवायची. टोकियोच्या अगदी जवळची, लोकांच्या पैशाने समुद्रात बांधलेली वेळ, कुलूप लावून ठेवलेली. अमेरिकनने हेच आकडे खात्यासमोर मांडले. २०१५ मध्ये आदेश आला: रोज उडवा, नाहीतर सोडा. डेल्टाने सोडली. फेब्रुवारी २०१६ पासून तिथे अमेरिकनचं लॉस एंजेलिस सुरू झालं. उघड कागदावर भांडता आलं म्हणून हे घडलं.

मुंबईला हा प्रश्न परका नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली तेव्हा तिच्या मुंबईतल्या वेळा आणि परदेशी हक्क काही आठवड्यांत इतरांना वाटले गेले. तात्पुरते म्हणून.

[दृश्य: कासुमिगासेकी, परिवहन मंत्रालयाची इमारत. पाऊस.]

जपानमध्ये वाटप मंत्रालयाच्या आत झालं. तिथली तक्रार एएनएची होती, आणि तिच्यात तथ्य होतं. जपान एअरलाइन्सची कर्जं माफ, भांडवल सरकारी, जुन्या तोट्यामुळे वर्षानुवर्षं करातही सूट. १९ सप्टेंबर २०१२ ला ती पुन्हा शेअर बाजारात आली, ३७९० येनला एक शेअर, एकूण ६६ हजार ३०० कोटी येन. स्वतःच्या जोरावर तगलेली कंपनी तिच्यासमोर कशी टिकणार?

त्याच्या महिनाभर आधी, १० ऑगस्टला, मंत्रालयाने एक कागद काढला होता. जपानी वर्तुळात तो तारखेनेच ओळखला जातो, '८.१० चा कागद'. मार्च २०१७ पर्यंत जपान एअरलाइन्सच्या नव्या मार्गांवर आणि गुंतवणुकीवर नजर ठेवायची, स्पर्धा बिघडते का बघायचं.

त्याचं वजन ऑक्टोबर २०१३ मध्ये दिसलं. हानेदाच्या दिवसाच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या वर्षाला तीस हजारांनी वाढणार होत्या. रोजची एक जोडी म्हणजे वर्षाला ७३० फेऱ्या, म्हणजे नव्या जोड्या चाळीसच्या आसपास. जपानी कंपन्यांना त्यातल्या सोळा वाटल्या: एएनएला ११, जपान एअरलाइन्सला ५. लंडन, पॅरिस, सिंगापूर, बँकॉक आणि चीन दोघींना. जर्मनीच्या दोन्ही, शिवाय व्हिएतनाम, इंडोनेशिया, फिलिपीन्स आणि कॅनडा फक्त एएनएला. जपान एअरलाइन्सने फेरविचार मागितला. वाटप बदललं नाही.

उपाय वाईट नव्हता, पण ठिकाण चुकलं असं आमचं मत आहे. झुकतं माप मदत देताना अटी घालून सरळ करायचं असतं. वेळ ही प्रवाशांची. तिची वाटणी दंड म्हणून करायची नसते.

[दृश्य: हानेदा, भर दिवसा. जपान एअरलाइन्सच्या पांढऱ्या शेपटीवर लाल सारस.]

२०१६ मध्ये अमेरिकेला दिवसाच्या वेळा खुल्या झाल्या. एएनएला चार, जपान एअरलाइन्सला दोन. एएनएचं न्यूयॉर्कचं विमान ३० ऑक्टोबर २०१६ ला हानेदाहून निघालं. जपान एअरलाइन्सचं निघालं ते १ एप्रिल २०१७ ला, कागदाची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी.

[दृश्य: विमान गेटवरून मागे सरकतं. कर्मचारी हात हलवतात. मूळ आवाज, शेवटपर्यंत.]