दुपार कुणाचीच नसते

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या सगळ्यांनी एकदा तरी मिळून कुठे तरी जायला हवे, हा विषय बहुतेक घरांत वर्षानुवर्षे नुसताच निघत राहतो. आमच्याकडे तो आईच्या ७९व्या वाढदिवशी निघाला आणि कधी नव्हे तो तडीस गेला. आई, मी आणि माझे यजमान, धाकटा भाऊ आणि वहिनी, माझी मुलगी आणि जावई, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी अशी चार पिढ्यांतली नऊ माणसे ऑक्टोबरात आठ दिवसांसाठी मॉरिशसला गेलो. त्यांतले पहिले दोन दिवस आम्ही वाया घालवले, आणि दोष पूर्णपणे माझा होता, कारण कार्यक्रम मी आखला होता.

पाहण्यासारखे जे जे म्हणून होते, ते मी एका कागदावर उतरवले होते. पहिल्या दिवशी राजधानी पोर्ट लुईस आणि पॅम्प्लेमूसचे वनस्पती उद्यान, दुसऱ्या दिवशी क्यूरपीपचे पठार, ग्रॉं बासँचे तळे आणि शामारेलची सात रंगांची माती, असा तो बेत. नऊ माणसे एका गाडीत बसून सकाळी दहाला निघायची आणि ऐन बाराच्या उन्हात कुठल्या तरी वाहनतळावर उतरायची. पठारावर पाऊस लागला, खाली येताच पुन्हा चटका देणारे ऊन, आणि शामारेलच्या वळणावळणांच्या रस्त्यावर धाकट्या नातीला दोनदा उलटी झाली. त्या मातीपाशी पोहोचलो तेव्हा आईला भोवळ आली. ती सावलीत बसून "मी ठीक आहे, तुम्ही बघून या" असे म्हणत राहिली, त्यामुळे कुणालाच धड काही बघवेना. रात्री जेवताना कुणी कुणाशी फारसे बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मी तो कागद बाजूला ठेवला आणि ठिकाणांऐवजी घड्याळ पाहायला सुरुवात केली. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि अतिनील किरणांचा निर्देशांक सहज ११च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ही सर्वांत वरची, म्हणजे अतितीव्र पायरी आहे. छत्रीखाली बसले तरी कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परतवून अंगावर टाकतो, आणि अर्धा मीटर पाण्याखालीही पृष्ठभागावरच्या ४० टक्के तीव्रता शिल्लक असते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातले पाणी बाहेर काढतात, आणि लहान मुलाला तहान लागली तरी खेळाच्या नादात ते सांगत नाही. थोडक्यात, ७९ आणि ३ या दोन्ही वयांना उष्णकटिबंधातली दुपार सारखीच वैरीण असते. अकरा ते साडेतीन हा वेळ आम्ही सरळ बंद करून टाकला, म्हणजे त्या वेळात कुणी कुठे जायचे नाही, झोपावे, वाचावे किंवा पत्ते कुटावेत.

दुपार सोडून दिल्यावर उरलेला दिवस आपसूक जुळून आला. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले पहाटे जागी होतात, हे आपण एरवी तक्रारीच्या सुरात सांगतो. बेटावर तीच पहाट सर्वांत उत्तम असते, कारण वारा पडलेला असतो, पाणी काचेसारखे असते आणि किनाऱ्यावर गर्दी नसते. सहा वाजता पणजी आणि पणती पाण्याशी, आठला अकरा वर्षांचा नातू आणि त्याचे आजोबा, आणि तरणी जोडी उठेल तेव्हा. विषुववृत्तालगत संध्याकाळ मात्र फार आखूड असते. मालदीवमध्ये सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच मावळतो आणि पुढच्या विसेक मिनिटांत अंधार होतो, तेव्हा रेंगाळत फिरण्याची सवय असलेल्यांनी चालायला निघण्याची वेळ आधीच ठरवलेली बरी.

बेट कुठले आणि त्याची कुठली बाजू, हाही प्रश्न मी आता वेगळ्या नजरेने पाहते. मॉरिशसवर व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात. जून ते सप्टेंबर ते जोरात असतात आणि पूर्व किनारा वाऱ्याने झोडपला जातो, तर पश्चिम किनारा तुलनेने शांत राहतो. जवळजवळ संपूर्ण बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. आमच्यासारख्या कुटुंबाला याच पाण्याची गरज असते. त्या भिंतीत जिथे खिंड असते तिथे ओहोटीच्या वेळी पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तिकडे पोहायला जाऊ नये, आणि प्रवाहात सापडलेच तर किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे. मालदीवची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे १,१००हून अधिक बेटे आहेत, पाण्यावर उतरणारी विमाने फक्त दिवसाउजेडीच उडतात, आणि संध्याकाळी उशिरा पोहोचणाऱ्याला बहुधा राजधानीच्या परिसरातच रात्र काढावी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या धक्क्यावरून बोटीत उतरता येईल का, हा प्रश्न खोलीतून समुद्र दिसेल का याच्या कितीतरी आधी विचारायला हवा.

औषधांबद्दल थोडेच सांगते. इन्सुलिन सामानाच्या कक्षात गोठू शकते, म्हणून ते हातातल्या पिशवीतच असावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाचे मलम न लावता सावलीत ठेवावे. बाकीच्यांनी मलम लावताना त्यातले घटक वाचावेत, कारण ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायने प्रवाळाला घातक असल्याच्या कारणाने पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २०२०पासून आणि हवाईने २०२१पासून अशा मलमांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. कुणी पाणबुड्याचा पोशाख चढवून खोल बुडी मारणार असेल, तर शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसू नये. आमच्या जावयांनी नेमकी परतीच्या आदल्या संध्याकाळची वेळ ठरवली होती, ती रद्द करावी लागली.

एक गोष्ट मात्र जरा स्पष्टच बोलायला हवी. अशा सहलींत आजी-आजोबांना मुले सांभाळायला मागे ठेवून तरुण मंडळी बाहेर पडतात, आणि "तुम्हाला नाहीतरी एवढं चालवत नाही" असे वर ऐकवतात. एक-दोन संध्याकाळी हे आनंदाने होते, पण रोज झाले की ती सहल राहत नाही, नुसती जागा बदललेली राखण होते. आम्ही आळीपाळी लावली, आणि वहिनीची पाळी होती त्या दिवशी आई पाण्यात उतरली.

तिला पोहता येत नाही. आम्ही प्लास्टिकची खुर्ची गुडघाभर पाण्यात रोवली, तिला तिच्यावर बसवले आणि डोळ्यांवर मास्क लावला. पहिल्या वेळी तिला काहीच दिसले नाही, कारण चष्मा काढलेला होता. मास्क नंबराच्या काचांचेही मिळतात, हे किनाऱ्यावरच्या पोरानेच सांगितले आणि तसा एक आणूनही दिला. तिने तो लावून तोंड पाण्यात घातले, लगेच वर काढले, आणि स्वतःच्याच पायांकडे बोट दाखवत म्हणाली, "अगं, हे तर मला चावून बघताहेत!" तिच्या घोट्यांभोवती काळ्या पट्ट्यांचे पाच-सहा मासे घोटाळत होते. त्यानंतरचा पाऊण तास ती कुणाच्याही हाकेला ओ देत नव्हती.

शेवटच्या सकाळी धाकटी पणती ओल्या वाळूतून एक शंख घेऊन आली आणि तो घरी न्यायचा म्हणून हटून बसली. शंख आणि प्रवाळ बेटाबाहेर नेण्यावर पुष्कळ देशांत निर्बंध असतात, हे तिला कोण समजावणार? आईने तो तिच्याकडून मागून घेतला आणि आपल्या तळहातावर उघड्यावर ठेवला. दोघी त्याच्याकडे पाहत बसल्या. थोड्या वेळाने शंखातून दोन बारीक तांबूस पाय बाहेर आले, आणि तो आईच्या बोटांवरून हळूहळू चालू लागला.