गाठ बघितलीस का?

(पहाट. पुण्यातला नळस्टॉप.)

साडेचार वाजलेत. चहाचे ग्लास रिकामे होतायत. सहा जण, दोन गाड्या, तीन सॅक भरून कातळ चढायचं सामान. निघता निघता एकानं घरी फोटो पाठवला, कागदाचा. त्यावर लिहिलंय: तैलबैला, कोणती भिंत, कोण कोण, किती वाजेपर्यंत खाली. भिंतीवर रेंजचा भरवसा नाही. पोरांना उशीर झालाय हे घरी कळायला ठरलेली वेळ तरी कुणाला माहीत हवी.

लोणावळा मागे पडलं, सालतर खिंड आली. उजाडता उजाडता तैलबैल्याच्या त्या दोन काळ्या कातळभिंती समोर. मधल्या खिंडीत भैरोबा. इथपर्यंत चालत येता येतं.

आल्या आल्या कुणी चढत नाही. सगळे माना वर करून बसलेत. शोध चाललाय आग्या मोहोळाचा. गावात विचारून झालंय, तरी डोळ्यांनी बघायचंच. पोळी गेल्या वर्षी होती तिथंच असतील असं नाही. धूर, अत्तर, आरडाओरडा, एवढं या माश्यांना पुरतं. जमिनीवरचा माणूस पळेल तरी, रोपवर, म्हणजे दोरावर, लटकलेला कुठं पळणार? सकाळी डिओ मारून आलेल्या एकाला आज खालीच, लांब बसवलंय. तो रुसलाय. रुसू दे.

(कातळावर हाताची थाप.)

सह्याद्रीचा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. एक लोखंडासारखा, त्याच्या वरचा भुसभुशीत. म्हणून होल्ड, म्हणजे पकडायचा दगड, धरण्याआधी वाजवून बघायचा, कुंभाराकडं मडकं बघतो तसा. खणखणीत वाजला तर धरा, बद्द वाजला तर दुसरा शोधा. सुटलाच, तर पोटातून ओरडायचं: "दगड!" खालच्यानं वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. हेल्मेट बिले देणाऱ्यालाही, म्हणजे खालून रोप सांभाळणाऱ्यालाही, हवं, आणि पायथ्याशी डबा उघडून बसलेल्यालाही.

(हार्नेसची, म्हणजे कमरेच्या पट्ट्याची गाठ, अगदी जवळून.)

ही आठाची गाठ. रोप आठाच्या वाटेनं परत फिरतो, तेव्हा दुहेरी पदर पाच ठिकाणी जोडीनं दिसले पाहिजेत. मोजा. शेपूट वीतभर तरी उरलं पाहिजे. आज लीड करणाऱ्याचा, म्हणजे सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याचा, सह्याद्रीत बराच अनुभव आहे आणि त्याची गाठ तपासतेय पहिल्यांदाच भिंतीवर आलेली मुलगी. तिला अवघडल्यासारखं होतंय. पण १९८९ साली फ्रान्समध्ये लिन हिल पडली, ती तेव्हा जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक होती. गाठ बांधता बांधता बूट घालायला थांबली आणि गाठ अर्धीच राहिली. वर जाऊन रोपवर भार टाकला आणि ७० फुटांच्या आसपास खाली आली. झाडामुळे वाचली. नवखा माणूस भीतीपोटी दोनदा बघतो. जुन्याचे हात सवयीनं चालतात, डोळे भलतीकडेच असतात.

"दादा, बकल?"

बकल ठीक आहे. कॅराबिनरचा, म्हणजे रोप अडकवायच्या कडीचा, स्क्रू मात्र उघडाच. त्यानं फिरवला, हसला. गेट, म्हणजे कडीचं तोंड, उघडं असेल तर कॅराबिनरची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते.

वर कातळात जुने बोल्ट दिसतील. कुणी कधी ठोकले, देव जाणे. इथल्या पावसात गंज आतून चढतो. चकाकतोय म्हणून एकट्या बोल्टवर जीव टांगायचा नाही. अँकर, म्हणजे रोप बांधायचे आधार, कमीत कमी दोन, वेगवेगळे.

(दुपार. माथा.)

फोटो झाले, चिक्की संपली, रॅपर खिशात गेले. अनेकांच्या मते अवघड भाग संपला. पण उतरताना, दमलेलं असताना, रॅपलिंगमध्ये, म्हणजे रोपवरून घसरत उतरताना, त्याच्या टोकावरून सरळ निसटून गेलेली माणसं आहेत. म्हणून दुहेरी रोप खाली सोडण्याआधी दोन्ही टोकांना गाठी. शेवटचा माणूस उतरला की त्या सोडायच्या, मगच रोप ओढायचा. गाठ तशीच राहिली तर रोप वर अडकतो आणि तो सोडवायला संध्याकाळी परत कोण जाणार?

मुलीनं दोन्ही टोकं हातात घेऊन बघितली. वर बघून ओरडली, "रोप!"

सगळे बाजूला झाले.